सक्तीचा विसावा

गाडी थकते, हे कंपनीने पहिल्या दिवसापासून कबूल केलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. करंजोळीच्या बाजारात पहिली मिठाच्या बॅटरीची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या दारावर तीन शब्द होते: दमदार, सोयीची, परवडणारी. आणि त्यांच्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत: हिला विसावा द्या.

लोकांनी वरचे तीन शब्द वाचले. ते साहजिकच होतं. त्याआधी कितीतरी वर्षं विजेच्या गाड्या या तीनपैकी दोन गोष्टी देत आल्या होत्या, तिसरी राहूनच जायची. दहा माणसं घेऊन घाट चढेल अशी गाडी वडाप, म्हणजे माणसं भरून खेपा करणारी गाडी, चालवणाऱ्याच्या आवाक्यात नसायची. आवाक्यातली गाडी निम्म्या घाटात तापून कडेला उभी राहायची. म्हणून कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर घाटमाथ्याच्या गावांत डिझेलच्या जुन्या जीपा सगळ्यात शेवटपर्यंत टिकल्या. करंजोळीतली शेवटची जीप भंगारात गेली तेव्हा कुणी हळहळलं नाही.

संयोगिता खोत करंजोळीच्या सेल तपासणी केंद्रात कामाला होती. रसायनशास्त्राची पदवी, मग कोल्हापुरात वर्षभराचं प्रशिक्षण. गाडी घेऊन पहिल्यांदा येणाऱ्याला ती एकच गोष्ट सांगायची आणि दरवेळी त्याच शब्दांत सांगायची, कारण शब्द बदलले की लोक वेगळं काहीतरी ऐकतात.

सेलमध्ये वीज साठवायची म्हणजे विद्युतभारित अणू, ज्यांना आयन म्हणतात, ते कार्बनच्या फटींत नेऊन बसवायचे. वीज वापरायची म्हणजे त्यांना तिथून बाहेर काढायचं. जुन्या बॅटऱ्यांत हे आयन लिथियमचे असत. ते अंगाने लहान, सहज आत-बाहेर करणारे, पण महाग. नव्या सेलमध्ये ते सोडियमचे होते. सोडियम मिठात असतं, आणि मीठ कितीही मिळतं. कार्बनसुद्धा दूरचा नव्हता. साखर कारखान्यांत उसाचा चोथा उरतो, तो जाळून केलेला. म्हणून गाडी स्वस्त. पण सोडियमचा आयन अंगाने मोठा. तो आत शिरताना कार्बन फुगतो, बाहेर पडताना आकसतो. घाट चढताना कोट्यवधी आयन घाईघाईने बाहेर पडतात, आणि कार्बनला केसाहून बारीक भेगा पडतात.

या भेगा सांधणारा एक चिकट पदार्थ सेलमध्येच मिसळलेला होता. खरा शोध तोच. त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटल्या तरी शेजारच्या साखळीला धरून पुन्हा जुळतात, कातडीवरचा ओरखडा भरून यावा तशा. अट एवढीच, की त्या वेळी सेलमधून वीज वाहता कामा नये. बाहेरही नाही आणि आतही नाही. चार्जिंगला लावून ठेवणं म्हणजे विसावा नव्हे. घाटात जितका वेळ गेला, साधारण तितका वेळ गाडी नुसती उभी राहायला हवी.

"आणि नाही राहिली तर?" हा प्रश्न ठरलेला असायचा.

"तर काही होत नाही," संयोगिता सांगायची. "वर्ष, दीड वर्ष काहीच होत नाही. गाडी तक्रार करत नाही. मग एक दिवस एकदम बसते, आणि मग ती उठत नाही."

म्हणून गाडीचा संगणक विसाव्याची नोंद ठेवायचा. विसावा पुरा असेल तरच हमी. करंजोळीच्या वडापवाल्यांनी यावर सोपा मार्ग काढला. गाडी इतकी स्वस्त होती, की तिला विसावा देत बसण्यापेक्षा दुसरी गाडी घेणं बरं पडलं. एक विसावेल, दुसरी पळेल. संयोगिताच्या नवऱ्याने, युवराजनेही तेच केलं. पहिल्या गाडीला घरात थोरली म्हणत, दुसरीला धाकटी.

दुपारी ती डबा घेऊन थांब्यावर गेली, तेव्हा युवराज नुकताच साखरप्याहून घाट चढून वर आला होता. त्याने थोरली चिंचेखाली लावली. प्रवासी उतरले. त्याने आरशाला अडकवलेला टॉवेल काढला, पाण्याची बाटली उचलली आणि शेजारच्या धाकटीत जाऊन बसला. तिथे माणसं आधीच भरलेली होती.

"उतरून जेवा की," संयोगिता म्हणाली.

"भरलीय गाडी."

"लोक थांबतील दहा मिनिटं."

"लोक थांबतील गं, नंबर कुठला थांबतोय? दे, खाली साखरप्यात खातो."

"काल पण साखरप्यात खाणार होता. डबा होता तसा परत आला."

त्याने डबा मांडीवर घेतला, हसल्यासारखं केलं आणि गाडी काढली. गाडी आवाज न करता गेली. नुसती खडी चाकाखाली कुरकुरली.

नंबर म्हणजे थांब्यावरची पाळी. हा नियम डिझेलच्या काळापासूनचा होता. गाड्या रांगेत लागणार, पुढची भरली की ती जाणार, मग मागची पुढे. गाडी भरली आणि ड्रायव्हर जागेवर नसला तर नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेवटी. अपवाद एकच. गाडी बिघडली असेल तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत तिचा नंबर राखून ठेवायचा. दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली ही रीत होती, आणि करंजोळीला तिचा अभिमान होता. नंबर गाडीचा असतो, माणसाचा नाही. एका माणसाची एकच गाडी होती तोवर याने काही फरक पडत नव्हता. शिवाय जीपांच्या काळात रांग लांब असायची. नंबर येईपर्यंत ड्रायव्हर मागच्या सीटवर ताणून द्यायचे. आता भाडं कमी झालं तशी माणसं वाढली होती, आणि एक नंबर संपेतो दुसऱ्या गाडीचा आलेला असायचा.

थांब्याचा कारभार विलासतात्या बघायचे. टपरीबाहेर खुर्ची टाकून बसलेले असत, हातात फोन.

"काय सूनबाई, डबा द्यायला आलता का नवरा बघायला?"

"दोन्हीला, तात्या."

"डबा पोचला न्हवं? मग निम्मं काम झालं. नवरा बघायचा तर नंबर लावावा लागतोय."

टपरीवरची माणसं हसली. तीही हसली. मग थोरलीतून उतरलेल्या बाई पिशव्या सांभाळत तिच्याजवळ आल्या. देवरुखकडच्या असाव्यात.

"ते तुमचे मालक का हो?"

"हो. का?"

"नाही, काही नाही. घाटात ते वळणं मोजत होते. मोठ्याने. बारा, तेरा, चौदा. माझ्या मांडीवर नातू होता, मला वाटलं त्याला खेळवतायत. मी म्हटलं, पोर झोपलं हो. तर म्हणाले, पोराला न्हाई काकू, मला."

बाईंनी ते गमतीने सांगितलं आणि कोल्हापूरच्या गाडीकडे निघून गेल्या. संयोगिता तिथेच उभी राहिली.

जीपमध्ये झोप लागणं अवघड होतं. इंजिन कानाशी ओरडायचं, गिअरसाठी हात सारखा हलायचा, पायाखालचा पत्रा तापायचा. नवी गाडी पाळण्यासारखी होती. गिअर नाही, आवाज नाही. एका पायाने दाबलं की पुढे, सोडलं की हळूहळू थांबणार. चढावर जोर एवढा, की ड्रायव्हरला काही करावंच लागत नाही. गाडीत जे जे चांगलं होतं, ते सगळं डोळा लागायला मदत करणारं होतं. हे तिला आजवर सुचलं नव्हतं. रोज गाड्या तपासणाऱ्या कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना युवराजचा हात ताटातच थांबला. डोळे मिटले, मान खाली आली.

"पप्पा, आमटीत हात," ईश्वरी म्हणाली. ती नववीत होती, आणि तिला हे नवीन नव्हतं.

तो दचकला. "काय म्हणत होतीस?"

"मी काहीच म्हणत नव्हते. मागच्या आठवड्यात म्हणाले होते, सायकलचा ब्रेक बघा."

"बघतो की."

"व्हय, बघितला," ती म्हणाली आणि आपलं ताट घेऊन उठली.

ती आत गेल्यावर संयोगिताने विचारलं, "आज कुठं झोप लागली?"

"झोप न्हाई लागली."

"मग?"

त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. "डोळा मिटला. जरा."

"कुठल्या वळणाला?"

"तेच सांगता येत न्हाई. चौदावं आलं, आणि मग पंधरावं यायचं तर दिसलं की आपण सोळाव्यावर हाय. पंधरावं आलतं आणि गेलतं. गाडी वळवली मीच. कशी वळवली, ठावं न्हाई."

"दहा माणसं होती गाडीत?"

"अकरा. एक लेकरू मांडीवर."

"एक गाडी काढून टाका," ती म्हणाली.

"आणि? सगळे दोन चालवणार, मी एकच घेऊन तिच्या विसाव्याची वाट बघत बसणार? लोक म्हणतील, खोत म्हातारा झाला."

"म्हणू देत. तात्यांना सांगा, झोप पुरत नाही, नंबर जरा मागंपुढं करा."

"तुला कळतंय का काय बोलतेस? ड्रायव्हरनं सांगायचं मला झोप येते म्हणून? एकदा हे तोंडातनं गेलं की माझ्या गाडीत कुत्रं बसणार न्हाई."

"आणि न सांगता एक दिवस..."

"नगो," तो म्हणाला. "जेवताना नगो."

थोरलीची सहामाही तपासणी त्याच आठवड्यात होती. ही तपासणी साधी असते. उभ्या गाडीच्या सेलमधून क्षणभर वीज ओढायची आणि सोडून द्यायची. सेलचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो, मग हळूहळू मूळ जागी येतो. लवकर आला तर भेगा भरलेल्या आहेत. रेंगाळला तर आत दुखणं आहे. पडद्यावर नुसती एक रेघ दिसते, खाली जाऊन वर येणारी. अकरा वर्षं संयोगिता त्या रेघा वाचत होती. थोरलीची रेघ सुरेख होती. खाली गेली आणि झपकन वर आली, भरपूर झोप झालेल्या लेकरासारखी.

सेल दुखावलेला असेल तर केंद्राला गाडीवर सक्तीचा विसावा लावता यायचा. दोन दिवस गाडी सुरूच होणार नाही. तसा संदेश मालकाला जायचा आणि थांब्यावर तात्यांच्या फोनवरही, म्हणजे त्यांना नंबर राखता यावा. बिघडलेल्या गाडीचीच रीत त्यांनी या गाड्यांनाही लावली होती.

ती पडद्याकडे बघत बसली. खोटा आकडा लिहिण्यात अवघड असं काही नव्हतं. दाब मूळ जागी यायला लागलेला वेळ तिने तिप्पट करून भरला. संगणकाने विचारलं, सक्तीचा विसावा? तिने हो म्हटलं. मग तिने उठून हात धुतले, कारण नसताना.

त्या दोन दिवसांत युवराजकडे एकच गाडी होती. धाकटी फेरी मारून आली की तिला उभं राहावं लागे, आणि तिच्याबरोबर त्यालाही. पहिल्या दुपारी तो घरी आला, पायातले बूटही न काढता आडवा झाला आणि दिवेलागणीला उठला. दुसऱ्या दिवशी त्याने ईश्वरीच्या सायकलचा ब्रेक बसवला. मग उगाच चेनला तेल घातलं. मग संयोगिता भाकरी थापत होती तिथे येऊन पाट ओढून बसला आणि तात्यांची नक्कल करून दाखवली, "नवरा बघायचा तर नंबर लावावा लागतोय." तिला हसू आवरेना. या माणसाला नकला येतात हे ती विसरून गेली होती.

आठवड्याने धाकटीवर विसावा लागला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. "एक विचारू?"

"विचारा."

"गाड्यांना काय झालंय?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं. आकडा लिहिता आला होता, तेवढंच. "काही नाही झालेलं."

"म्हणजे माझ्यावर भरोसा न्हाई, म्हणून गाडीला कुलूप घातलंस."

"तुमच्यावर आहे. पंधराव्या वळणावर नाही."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. ती भांडी घासत राहिली. तिला वाटलं होतं तो ओरडेल. निदान उद्या बोलणार तरी नाही. थोड्या वेळाने तो आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दोनच दिवस लावता येतं का जास्त बी येतं?"

दोन दिवसांनी केंद्राच्या दारात मेहबूब मुल्ला उभा होता, युवराजचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याही दोन गाड्या होत्या.

"वहिनी, माझ्या गाडीचं जरा बघा की."

"काय होतंय?"

"होत काय न्हाई." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "चेहरा उतरलाय तिचा."

"गाडीचा?"

"व्हय. डोळ्याखाली काळं आलंय. घरात पोरांवर वसवस करतीय."

संयोगिता त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. युवराजने सांगायला नको होतं. पण सांगणार कुणाला, तर यालाच. तिने गाडी यंत्राला लावली. रेघ चांगली होती. तिने वेगळा आकडा लिहिला.

मेहबूबनंतर आणखी दोघे आले. कुणी स्पष्ट बोललं नाही. गाडीचं सांगायला कुणाला लाज वाटत नव्हती. गाडी दमली, गाडीला बरं वाटत नाही, गाडीला दोन दिवस द्या. ती ऐकून घ्यायची, आकडा लिहायची. रात्री अंथरुणात तिला स्वतःलाच झोप येईनाशी झाली, याची तिला मौजही वाटत नव्हती.

पंधरवड्याने कोल्हापूरहून शिरगुप्पे साहेबांचा फोन आला. घाटावरच्या सगळ्या केंद्रांचे आकडे त्यांच्याकडे जात. सज्जन माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"मॅडम, तुमच्या करंजोळीत काय चाललंय? सेल दुखावण्याचं प्रमाण बाकीच्या घाटांच्या दुप्पट दिसतंय."

"हो, सर."

"विसावासुद्धा सगळ्यांचा पुरा आहे. म्हणजे आपलंच गणित चुकलं. मी वर कळवतोय. दुरुस्ती होईपर्यंत सगळ्याच घाटांवर विसाव्याची वेळ दीडपट करू. त्रास होईल लोकांना, पण सेल वाचतील."

तिने डोळे मिटले. विसावा दीडपट झाला तर काय होईल हे तिला लगेच दिसलं. कुणी जास्त झोपणार नव्हतं. लोक तिसरी गाडी घेणार होते.

"सर, गणित बरोबर आहे. सेल चांगले आहेत. आकडे मी बदलले."

"तुम्ही?"

"हो. पाच गाड्यांचे. खरे आकडे यंत्रात आहेत, आत्ता पाठवते."

"पण का? पैसे वगैरे..."

"नाही. ड्रायव्हर झोपत नाहीत, सर. गाडीला विसावा लावला तरच झोपतात."

"ड्रायव्हरच्या झोपेचा आणि सेलचा काय संबंध?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच सांगतेय."

"मला पटतंय तुमचं," शिरगुप्पे म्हणाले. " माझा साडूसुद्धा कंटेनरवर आहे. पण माझ्या तक्त्यात ड्रायव्हरसाठी रकाना नाही हो मॅडम. मी कुठं लिहू हे?" त्यांचा आवाज दमलेला होता. "या कुलपांच्या नोंदी मला इथून रद्द कराव्या लागतील. तुमचे अधिकारही. चौकशीचं पुढच्या आठवड्यात बघू."

"बरं, सर."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की नोंद रद्द केल्याचाही संदेश जातो. मालकाला आणि तात्यांनाही.

ती थांब्यावर पोचली तेव्हा माणसं गोळा झाली होती. तात्या खुर्चीतून उठून उभे होते. थोरली सगळ्यात पुढे होती, माणसांनी भरलेली, खिडक्या उघड्या. युवराज तिच्या दाराशी उभा होता. सुभाष चौगुले नावाचा ड्रायव्हर हात नाचवत होता. त्याच्या गाड्यांवर कधी विसावा लागला नव्हता.

"राखलेल्या नंबरापायी आमच्या फेऱ्या मागं गेल्या. आणि गाड्या ठणठणीत."

"थांब," तात्या म्हणाले. त्यांनी फोनवरचं मोठ्याने वाचलं. "'हा विसावा चुकीने लावला गेला होता. गाडी सुस्थितीत आहे.' युवराज, गाडी सुस्थितीत होती, तर नंबर मी कशाचा राखला?"

"तात्या, ते मी केलं होतं," संयोगिता पुढे होत म्हणाली.

"सूनबाई, तुमचं तुमच्या साहेबाला सांगा. इथं नंबर गाडीचा, आणि गाडी याची. याला बोलू द्या."

युवराजने तिच्याकडे पाहिलं. तिला त्याच्या मनातलं कळत होतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा होती. पहिल्या वेळेपुरतं ते खरंही होतं. तिची नोकरी तर गेल्यातच जमा होती. त्याचे नंबर, त्याचे प्रवासी, त्याचं थांब्यावरचं नाव राहिलं असतं. तिने मान हलवली, सांगा तसं, अशा अर्थाने.

त्याने नजर वळवली. खिडकीतून गाडीतली माणसं ऐकत होती.

"गाडीला काही न्हवतं तात्या," तो म्हणाला. "मला होतं. मी घाटात झोपतो."

कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं.

"काय म्हणालास?"

"झोपतो. बसल्या जागी. वळण येऊन जातं ते कळत न्हाई. गेल्या महिन्यात दोनदा, परवा एकदा."

तात्या हळूच खुर्चीत बसले. करंजोळीच्या थांब्यावर हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. सुभाषचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"आयला," मागून मेहबूबचा आवाज आला. "आणि मला वाटलं मी एकटाच."

गाडीतला एक माणूस बॅग घेऊन खाली उतरला. तो मागच्या गाडीकडे निघाला, अर्ध्यात थांबला. ती मेहबूबची होती. त्याने मेहबूबकडे पाहिलं, मग रांगेतल्या बाकीच्या गाड्यांकडे, त्यांच्या दारांत उभ्या असलेल्या माणसांकडे. मग परत आला आणि आपल्या जागेवर बसला.

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने पदर सावरला. "मग आता कसं करायचं म्हणतोस बाबा?"

"उतरा, आजी. दुसऱ्या गाडीनं जावा."

"उतरून काय करू? समदीकडं तेच." तिने गाडीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. "गाडी भरंस्तोवर आमी तास तास बसतोच की हितं. आज भरल्यावर बसतो. तू पड जा जरा."

कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी उठलंही नाही. एकाने पिशवीतून शेंगा काढल्या. युवराजला काय करावं कळेना. संयोगिताने त्याच्या दंडाला धरून त्याला चिंचेच्या पारावर नेलं. तो बसला, मग आडवा झाला. ती त्याच्या डोक्याशी बसली. तिला घाईने काही ठरवायचं होतं, पुढच्या आठवड्याचं, घराचं. पण डोकं चालेना, आणि तिने ते सोडून दिलं. थोड्याच वेळात त्याचा श्वास संथ झाला.

नियम नियम होता. गाडी भरलेली आणि ड्रायव्हर जागेवर नाही. तात्या काही वेळ फोनकडे बघत राहिले, मग त्यांनी हाक मारली, "पुढचा नंबर, मुल्ला."

उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मेहबूबने सीट मागे केली होती आणि तोंडावर टोपी ठेवली होती.

"त्याच्या पुढचा. चौगुले."

"हाय की," सुभाष म्हणाला आणि तरातरा आपल्या गाडीकडे गेला. त्याची गाडी भरत आली होती. त्याने दार उघडलं, आत बसला, आरसा नीट केला. मागच्या सीटवरची एक पोरगी, कॉलेजची असावी, पुढे वाकली.

"दादा, तुम्ही नीट झोपला होता ते कधी?"

सुभाषने लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याचा हात स्टिअरिंगवर ठेवलेला तसाच राहिला, आणि तो आठवू लागला.